सुखदेवजींचं एकत्र कुटुंब

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. जुन्या सोबत्यांत सुखदेवजी गजभियेंचा विषय निघाला की मी त्यांच्या गमती सांगायचो, सगळे हसायचे, आणि गोष्ट माझ्यापर्यंत येऊ लागली की मी चहा मागवायचो. त्यांचं नाव एका कागदावर छापून यायला हवं होतं. ते माझ्यामुळे आलं नाही. आज गमतीही सांगतो आणि तेही सांगतो.

सुखदेवजी पाणी चाखत. बालाघाटजवळच्या आमच्या मॅंगनीजच्या खाणीत ते पंप चालवत, मी सर्व्हे विभागात होतो. खाणीत एकाखाली एक मजले असतात, त्यांना आम्ही लेव्हल म्हणतो. कुठल्याही लेव्हलचं पाणी बोटानं जिभेला लावून ते डोळे मिटत. "चौथीचं हाय. पण तिसरीतून उतरून आलं." पंपघरातल्यांनी एकदा मुद्दाम भलतंच पाणी दिलं. सुखदेवजी थुंकले. "हे कॅन्टीनच्या गंजातलं. भांडं धुवत जा जी जरा, कालची भाजी लागून राह्यली."

लांजीला एका लग्नात त्यांनी पहिल्याच घोटाला मुलीच्या बापाला सांगितलं, "तुमच्या विहिरीत लोखंड पडलं हाय." तो बिचारा पंगतीत वाढत होता, चिडला. सुखदेवजींच्या बायकोनं, कमलाबाईंनी, त्यांचा सदरा ओढला. "लग्नात तरी जीभ आत ठेवा!" पुढच्या उन्हाळ्यात विहीर उपसली, तेव्हा दोन बादल्या आणि एक पहार निघाली. तो मुलीचा बाप मग दर वर्षी सुखदेवजींना तांदूळ पाठवू लागला.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. आमच्याकडे पंपवाले पाण्याचं रजिस्टर लिहीत, हवावाले गरमीचं, प्रयोगशाळा पाण्यातल्या खारांचं, म्हणजे क्षारांचं. आम्ही सर्व्हेवाले भिंतीतल्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवायचो. पट्टी तडकली की दगड सरकला, अशी नोंद करायची. चार रजिस्टरं, चार कपाटं. दुसऱ्याचं रजिस्टर उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरणं.

सुखदेवजी बेधडक शिरत. जेवणाच्या सुट्टीत चारही खोल्यांत जाऊन आकडे उतरवून आणत आणि जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर एकाखाली एक मांडत. पानाला पान भाताच्या खळीनं चिकटवलेलं. गुंडाळी उलगडली की पंपघराच्या दारातून बाहेर यायची.

"साहेब, पाणी हे सून. गरमी सासू. दगडाचं वजन म्हणजे सासरा. अन् खार हा देवर, दिसत नाही पण सगळं कुरतडते. चौघं एका घरात राह्यतात, अन् तुम्ही चार दारातून इचारता, भांडण कोणाचं? कसं समजन?"

पाळी बदलताना लोक विचारत, "का जी सुखदेव, आज सासू कशी हाय?"

"तापली हाय. सुनेचं येणंजाणं वाढलं नं."

एकदा ते माझ्या टेबलाशी आले. खनिज काढून झालेली पोकळी आम्ही पाण्यासोबत वाळू सोडून भरायचो. ते म्हणाले, "सहावीत वाळू भरणं जरा थांबवा. तिथलं पाणी मातीच्या थरात मुरून राह्यलं. खार वाढला, गरमी वाढली. पंधरा दिवसांत सासरा उठते."

"सासऱ्याला माझा नमस्कार सांगा," मी म्हणालो.

तेराव्या दिवशी सहावीतली काच तडकली. एकीमागून एक तीन. माणसं वेळेवर वर आली म्हणून बरं. त्या दिवसापासून मी त्यांची गुंडाळी घरी नेऊन ग्राफच्या कागदावर सुवाच्य उतरवू लागलो. खाली सही करायची सवय होती, केली.

पुढे संशोधकांचं एक पथक आलं. दगडांचे तज्ज्ञ, पाण्याचे, रसायनाच्या एक बाई, एक गणितवाले. जमिनीखाली पाणी, उष्णता, दाब आणि रसायनं एकमेकांना कशी ढकलतात आणि खाणींना त्याचा उपयोग कसा होईल, हेच त्यांना शोधायचं होतं. म्हणजे सुखदेवजींचं कुटुंबच. माझे ग्राफ पाहून बाई उभ्याच राहिल्या. "हे सगळं एकत्र कुणी मांडलं?"

सुखदेवजी तेव्हा खाली पाळीवर होते. मी म्हणालो, "मी."

त्यांच्या अहवालावरून वाळू टप्प्याटप्प्यानं भरायचं ठरलं, काचा तडकणं कमी झालं. अहवालात माझे आभार छापून आले. खाणीत माझा सत्कार झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सगळ्यांत जोरात टाळ्या सुखदेवजी वाजवत होते.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी धीर करून, आधी कळवून, मी हट्ट्याला त्यांच्या घरी गेलो. कमलाबाई आधीच वारल्या होत्या. घरात ते एकटेच, तरी दोन माणसांचं जेवण तयार. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो अहवाल काढला.

"साहेब, इंग्रजी येत नाही मले. यात माझं नाव कोठी हाय, दाखवा ना."

मी पान उलटलं. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे इथं."

ते माझं नाव होतं.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि ओळीखाली सावकाश रेघ ओढली. मग पेटी बंद केली. "चला, जेवून घ्या. भात गार होऊन राह्यला."

या हिवाळ्यात सुखदेवजी गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या नातीनं तो अहवाल माझ्या हातात ठेवला. गोंदियाला कॉलेजात शिकते, मराठी तिला जड जातं. म्हणाली, "दादाजी ने कहा था, ये आपको देना है. मैंने ही उनको पूरा पढ़कर सुनाया था, आप आए थे ना, उसके भी पहले."

म्हणजे त्या दुपारी त्यांना सगळं माहीत होतं. मला बोलता यावं म्हणून त्यांनी दार उघडून धरलं होतं, आणि मी बोललो नाही म्हणून जेवायला वाढलं होतं.

हट्ट्याला जाताना बसमध्ये मी एक वाक्य घोकत गेलो होतो. ते अजून तसंच पाठ आहे. सुखदेवजी, ते काम तुमचं होतं, मी माझं म्हणून सांगितलं, मला माफ करा.