बत्तीच्या जहाजाचा भोंगा

आमच्या मालेगावात कापसाच्या जिनाचा भोंगा वाजला, की कादरचाचा माझी बायको पळवायचा. गैरसमज नको. बायकोबरोबर आमची पितळेची घागरही न्यायचा, आणि घटकाभरानं दोघींना परत आणून पोचवायचा.

मला विचारायची पद्धत नव्हती. मी शिवणयंत्रावर बसलेला, तोंडात दोरा. हा रस्त्यावरूनच हाक मारणार, "वैनी, भोंगा झाला, अन् पाणी अजून घरातच?" माझ्या सांगण्यावरून कधी जागची न हललेली आमची ही पदर खोचून त्याच्यामागं निघायची. माझं पित्त खवळायचं.

आमच्या गावापासून समुद्र इतका लांब, की त्याबद्दल थापा मारायला उत्तम सोय. पण चाचा थापा मारत नसे, भांडत असे. तरुणपणी तो मुंबईला जाऊन बत्तीच्या जहाजावर खलाशी झाला होता. समुद्रातल्या खडकांवर दीपस्तंभ असतात. तिथं राहणाऱ्या बत्तीवाल्यांना तेल, पाणी, डाळतांदूळ पोचवायचं काम त्या जहाजाचं. खडक जवळ आला की भोंगा द्यायचा, होडी सोडायची, आणि होडीत सगळ्यात आधी पिण्याचं पाणी चढवायचं. तेल मागून. "बत्ती तेल पिते, मंग बत्तीवाल्यानं काय प्याचं?" असं तो मला दरडावून विचारायचा, जणू काही तेल आधी मीच चढवलं होतं.

"असा कायदा नाई" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. पाहुण्याला पाणी देण्याआधी ख्यालीखुशाली विचारली? असा कायदा नाई. मी त्याच्या पायजम्याला नाडीऐवजी गुंडी लावली? तर अजिबातच नाई.

पुढं जहाज म्हातारं झालं. वरच्या साहेबांनी त्याचं इंजिन काढलं, ते धक्क्याला बांधून ठेवलं आणि त्याचं कोळशाचं कोठार केलं. चाचा त्याच रागात नोकरी सोडून गावी आला. "साऱ्या किनाऱ्याले उजेड देला त्यानं, अन् त्याच्या पोटात कोयसा?" हे त्यानं आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, की मलाही त्या साहेबांचा राग येऊ लागला. नंतर तर जहाज मोडीतच निघालं. फळ्या एकानं नेल्या, लोखंड दुसऱ्यानं. पितळी भोंगा मात्र मोडबाजारातून आमच्या गावच्या शेटजींनी उचलला. त्यांनी कापसातून सरकी काढायचं जिन नुकतंच घातलं होतं.

तो पहिल्यांदा वाजला तेव्हा चाचा माझ्यासमोर सदरा घालून बघत होता. एक बाही टाचलेली, दुसरी माझ्या हातात. तसाच पळत सुटला. जिनात जाऊन भोंग्यावरचा जुना पोचा दाखवत म्हणाला, हा आमचा. मॅनेजर हसला. चाचानं विचारलं, भोंगा तर दिला, मग पाणी कुठं आहे?

पाणी नव्हतंच. बाया दिवसभर कापसाच्या धुळीत खोकायच्या. विहीर लांब, आणि कामावरून उठायची मनाई. त्या दिवसापासून चाचा पाण्याचा डबा घेऊन जिनाच्या फाटकात. काही बायांना त्याच्या हातचं चालत नसे, म्हणून आमची घागर आणि आमची ही. त्या पाणी पीत तेव्हा हा लांब उभा राहायचा.

बाया उठतात म्हणून एक दिवस मॅनेजरनं फाटकाला कुलूप घातलं. माझं डोकं फिरलं. बायांचे घसे बसलेत आणि याला कशाची काळजी, तर कामाची! पण करणार काय? चाचाला म्हटलं, भोंगा त्यांचा, फाटक त्यांचं, आता सोडून द्या.

तो कधी नव्हे ते हळू बोलला. "एका खडकावर गेलो होतो, भाऊ. भोंगा देला. बत्तीवाला हंडे घेऊन खाली उतरला, मांगं त्याची बायको. दर्या खवळला होता, होडी लागेना. कप्तानानं जहाज फिरवलं. ते दोघं पाह्यतच राह्यले."

"मग?"

"दुसऱ्या खेपेले भोंगा देला, तं कोणीच उतरलं नाई. वरच होते, जिते होते. भोंग्यावरचा भरोसाच उठला होता त्यायचा."

दुसऱ्या सकाळी भोंगा वाजला तेव्हा घागर मी उचलली. आम्ही तिघं गेलो. कुलूप तसंच होतं, आणि आत मॅनेजर खुर्ची टाकून बसला होता. चाचा फाटकाकडे पाठ करून उभा राहिला. कुणी येत नाही हे त्याला बघायचं नव्हतं.

बराच वेळ नुसती यंत्रांची घरघर. मग जिनात कामाला असलेली कोंडाबाई आली. तिच्या केसांत, भुवयांत कापूस. तिच्यामागून बाकीच्या. मॅनेजर ओरडत उठला, पण एकीनंही मान वळवली नाही. गजांतून ओंजळी बाहेर आल्या. आमच्या हिनं धार धरली, पण हात फार होते. कोंडाबाईनं आजवर चाचाच्या डब्यातलं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. तिनं ओंजळ त्याच्याकडे वळवली.

"चाचा, तिकडं काय पाहून राह्यले? ओता न."

चाचा वळला. त्यानं डबा असा घाईघाईनं कलता केला, की निम्मं पाणी तिच्या मनगटांवरून मातीत गेलं. तिनं ओंजळ हलवली नाही.

"उतरले, भाऊ," तो मला म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "भोंगा ऐकून खाली उतरले."