परबकाकांचा डोह

घरी आलेला माणूस आधी टीव्हीकडे बघतो, फार तर भिंतीवरच्या फोटोंकडे. आमच्या शेजारचे परबकाका आधी मोरी बघायचे. चपला दाराशी काढून थेट आत जायचे, वाकायचे आणि डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे. मोरीला नुसता पाण्याचा वास असेल तर माझ्या बायकोकडे हक्काने चहा मागायचे. फिनेलचा असेल तर चहा बाजूला राहायचा आणि आमची शाळा सुरू व्हायची.

"कोणी ओतल्यान फिनेल? अरे, तेचे कल्ले जळतत!"

कल्ले माशाचे. आमची बिल्डिंग दहिसरला नदीच्या काठावर आहे आणि मोऱ्यांचं पाणी मागच्या पाइपातून सरळ नदीत पडतं. नदी म्हणजे काय, तर वरच्या अंगाला तबेले आणि कारखाने, मधे कपड्यांच्या साबणाचा फेस, मग आम्ही. कंपाउंडच्या भिंतीमागे तिचा एक छोटा डोह उरलाय. त्यात एक मरळ मासा आहे, असं काकांचं म्हणणं होतं. तो कधी कोणाला दिसला नव्हता.

"बाकीचे मासे पाण्यातलोच श्वास घेतत," काका समजावत. "पाण्यात श्वासच ऱ्हवलो नाय, ते गेले. ह्यो वर येवन हवा खाता, म्हणान वाचलो."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्ट, पार्किंग आणि मासा असे तीन विषय कायम असत. सेक्रेटरी पाटणकर एकदा वैतागून म्हणाले, "काका, एका माशासाठी अख्ख्या बिल्डिंगने वास सहन करायचा का?"

"होय," काका म्हणाले आणि शांतपणे वेफर्स खात बसले.

एकदा संध्याकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. खिडकीशी खुर्चीत काकू बसल्या होत्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे. शेजारी स्टुलावर काका, आणि चक्क गप्प. मीही उगाच उभा राहिलो. खाली डोहाचं काळं पाणी हळूहळू आभाळाच्या रंगाचं होत गेलं. फेसाचे पुंजके कुठे जायची घाई नसल्यासारखे तरंगत होते. पलीकडच्या टॉवरचे दिवे पाण्यात एकेक करून लागले. दिवसभर जिच्याकडे बघताना आम्ही नाक दाबतो, ती हीच नदी यावर माझा विश्वास बसेना.

मग पाणी किंचित फुगलं. एक गोल तोंड वर आलं, बुडबुडा सोडून गेलं.

"इलो!" काकू म्हणाल्या. अगदी स्पष्ट.

काका माशाकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "दिवसभरात येकच शब्द बोलता. तो पण माझ्यासाठी नाय, माशासाठी."

मी हे बायकोला सांगितलं, म्हणजे बिल्डिंगला सांगितलं. घराघरातलं फिनेल आपोआप बंद झालं. सगळ्यात जास्त विरघळले ते पाटणकर. आणि तिथेच घोटाळा झाला.

काका काकूंना डॉक्टरकडे घेऊन गेले होते. परत येतील तेव्हा त्यांना खूश करायचं म्हणून पाटणकरांनी माणसं लावून डोह साफ करून घेतला. प्लास्टिक काढलं, फेस काढला, आणि वास जावा म्हणून ब्लीचिंग पावडर गोणीने ओतली. मी ऑफिसातून आलो तर डोहाला स्विमिंग पूलचा वास येत होता. पाटणकर बाह्या सरसावून भिंतीशी उभे. चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा.

रिक्षा आली. काकूंना वर पोचवून काका खाली आले, भिंतीवरून वाकले. कडेला मासा पोट वर करून तरंगत होता.

आता बिल्डिंग डोक्यावर घेणार, असं आम्हाला वाटलं. काकांनी पाटणकरांच्या खांद्यावर हात ठेवला. "लय मेहनत घेतलास," म्हणाले. मग आम्हा सगळ्यांकडे बघून, "हिका कोणी सांगू नकात."

पाटणकरांनी सरसावलेल्या बाह्या हळूहळू खाली ओढल्या.

त्यानंतर काकू रोज खिडकीशी बसत आणि खालून काहीच वर येत नसे. काका कोणाच्या मोरीत डोकावेनासे झाले. मला ते फार लागलं.

मग एका संध्याकाळी स्कूटर लावताना भिंतीमागे हालचाल दिसली. काका लुंगी खोचून चिखलात उकिडवे बसले होते, वरून दिसणार नाहीत असे. उजेड पुरेसा मावळल्यावर त्यांनी मुठीतला एक खडा अलगद पाण्यात सोडला. वलयं पसरत गेली.

"इलो!" वरून आवाज आला.

काकांनी डोळे मिटले. पूर्वी हा शब्द यायचा तेव्हा समोर काकूंचा चेहरा असायचा. आता त्यांच्या वाट्याला नुसता आवाज.

"काका, उद्यापासून खडा मी टाकतो," मी भिंतीवरून वाकून हळूच म्हणालो. "तुम्ही वर बसा, त्यांच्यापाशी."

काकांनी मुठीतले खडे निवडून सगळ्यात लहान तेवढे माझ्या हातावर ठेवले.

"हळूच टाक हां," म्हणाले. "तेचो श्वास लय हळू असायचो."