परीक्षा चाखणाऱ्या शमीमआपा

आमच्या शेजारच्या शमीमआपा वयाची साठी ओलांडल्यावरही दर वर्षी नीटच्या परीक्षेला बसतात. डॉक्टर व्हायला नाही. चव बघायला.

"बाजारात द्राक्षं घेताना एक तोंडात टाकून बघतो की नाही? मग पोरांना परीक्षेला पाठवताना आधी कुणीतरी चाखून बघायला नको?" असं त्यांचं म्हणणं. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून त्या रिटायर झाल्या. नीटला वयाची अट नाही, सीईटीलाही कुणी अडवत नाही. दोन्ही देऊन आल्या की गल्लीतली बारावीची पोरं त्यांच्या ओट्यावर जमतात.

"सीईटी लई मायाळू," आपा सांगतात. "चुकलं तर मार्क कापत न्हाय. पण घाईची. फिजिक्स-केमिस्ट्रीचा वेळ संपला की आपण बोलत असताना समोरच्यानं फोन ठेवावा, तसं कॉम्प्युटरवरचं पान बंद! आणि नीट म्हणजे निकाह. गोल काळा केला की कबूल. खोडता येत न्हाय, वर चुकलं की मार्क कापणार."

जेईईवर मात्र त्यांचा राग. बारावी होऊन फार वर्षं झाली म्हणून ती यांना बसूच देत नाही. "उद्धट हाय," एवढंच म्हणतात.

यंदा माझ्या सायलीची नीट होती. त्या सकाळी "मी जाणार नाही" म्हणून तिनं उशीत तोंड खुपसलं. मी समजावलं, रागावले, शेवटी मलाच रडू यायला लागलं. तेवढ्यात आपा आल्या.

"सायली, ऊठ की गं. माझं सेंटर पण तेच हाय. ऊन बघ कसलं पडलंय. मला चक्कर आली तर कोण धरणार?"

आपांना सांभाळायचं म्हणून सायली उठली. गेटावरचा माणूस आपांना म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." आपांनी ऐटीत प्रवेशपत्र पुढं केलं. "पालक ही हाय. उमेदवार मी."

सायली खुदकन हसली आणि त्यांचा हात धरून आत गेली.

पेपर तिला बरा गेला. मेडिकल नाही तर सीईटीवर फार्मसी मिळेल, असं ती बाहेर येताच म्हणाली. आपा सगळ्यांच्या मागून, रमतगमत आल्या. आत चालत नाहीत म्हणून माझ्याकडे दिलेली कर्णफुलं त्यांना परत देत मी विचारलं, "आपा, खरं सांगा. आता कसली चव बघायची राहिलीय?"

त्या कर्णफूल घालायला लागल्या. कानाचं भोक सापडेना.

"ह्यांचा इंतकाल झाल्यापासून घरात मी एकटीच गप्प असते," त्या म्हणाल्या. "तिथं तीन तास वर्गभर पोरं माझ्यासंगं गप्प बसतात. बरं वाटतं."

सायलीनं पुढं होऊन त्यांच्या कानात फूल घातलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती एक कादंबरी घेऊन आपांकडे गेली, ती थेट दिवेलागणीला परतली.

"काय बोलत होता गं एवढा वेळ?" मी विचारलं.

"काहीच नाही," सायली म्हणाली. "मी वाचत होते. आपा स्वेटर विणत होत्या."