हलत्या गाडीला दाखला नाही

जुन्या वस्तूंचा सन्मान करण्याआधी त्या नियमानुसार जुन्या आहेत की नाहीत याची खात्री करून घेणं, हे प्रत्येक प्रगत समाजाचं कर्तव्य असतं. आर्डिस क्वामेच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही, ते या कर्तव्यापोटीच. (भित्रेपणाचाही थोडा वाटा असावा. नक्की सांगता येत नाही.)

मिनेसोटातलं आमचं गाव मक्यावर जगतं. मक्याचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि ते पेट्रोल आम्ही मका कसा आलाय हे पाहायला जाताना जाळतो. व्यवस्था निर्दोष आहे. फक्त जुन्या गाड्यांना ती पचत नाही: रबरी नळ्या लिबलिबीत होतात, हिवाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं, कार्बुरेटरमध्ये चिकटा बसतो. म्हणून पंपाच्या टोकाला बिनइथेनॉलचं प्रीमियम पेट्रोल मिळतं; पण आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा दाखला असलेल्या गाडीलाच. मंडळाचं चिटणीसपद माझ्याकडे आहे. मी ग्रंथालयातून निवृत्त झालो होतो आणि चिटणीस निवडायच्या बैठकीत मला 'नको' म्हणणं जमलं नाही.

आर्डिसनं, हॅरल्डच्या बायकोनं, लिहिलं होतं: "वेंडेल, हॅरल्ड गेल्यापासून त्याची चौसष्ट सालची गाडी मी चालवते. रविवारी चर्चला आणि महिन्यातून एकदा बेमिजीला, बहिणीकडे. मक्याच्या पेट्रोलवर ती खोकते. दाखला पाठव."

नियम चार: गाडी केवळ हौसेची असावी, कुठेही जाण्यासाठी वापरू नये.

बहिणीकडे जाणं ही हौस, की जाणं? मी तीन शब्दकोश पाहिले. उत्तराचे एकोणीस मसुदे केले. तेव्हा दाखला असलेल्या गाड्या एकसष्ट होत्या. अठ्ठावन्न कापडाखाली झाकलेल्या, दोन ट्रकवर चढून प्रदर्शनांना जाणाऱ्या, आणि एक मंडळाचे अध्यक्ष ड्वेन टॉलफ्सन यांची. ड्वेन इथेनॉलच्या कारखान्याचेही अध्यक्ष.

"तुमच्या गाडीत तुमचंच इथेनॉल का नाही?" मी एकदा धीर करून विचारलं.

"अरे, मी ते विकतो," ड्वेन म्हणाले. "प्यायला कुठं बसलोय?"

चर्चच्या तळघरात, जेवणाच्या रांगेत, आर्डिस भेटायचीच.

"काय रे वेंडेल, माझ्या पत्राचं काय झालं?"

"विचार करतोय."

"कर. सावकाश कर. परवा चढावर दोनदा बंद पडली."

या मे महिन्यात तिनं विचारलं नाही. ताटलीत बटाटे वाढून घेत म्हणाली, "गाडी बसली एकदाची. कोठारात ढकलली. बेमिजीला आता फोन करते. बहीण म्हणते, फोनमधून तुझा केक येत नाही."

घरी येऊन मी नियम चार पुन्हा वाचला, आणि माझी शंका फिटली. विसावा मसुदा एकटाकी उतरला:

"प्रिय आर्डिस, कळवण्यास आनंद होतो, की आपली गाडी आता कुठेही जात नसल्यामुळे पूर्णतः पात्र ठरली आहे. दाखला सोबत जोडला आहे. शुद्ध पेट्रोल भरल्यावर ती चालू लागल्यास दाखला रद्द समजावा.

ता. क. केक घेऊन बेमिजीला जायचं असेल, तर माझी गाडी आहे. ती नवी आहे. तिला काहीही चालतं."

आज सकाळी पत्र टपालपेटीत टाकलं. एवढ्याला चार वर्षं लागली म्हणून हसू येत असेल, तर जरूर हसा. आपल्या टाकीत काय ओततात, हे तुम्ही गेल्या चार वर्षांत पंपावर एकदा तरी विचारलं असणारच.