आवाज फाटून राह्यला

संगणकाच्या दुकानात शिरलेला माणूस आधी किंमत विचारतो. आमचे तायडेभाऊ संगणकाच्या पडद्यापुढे वाकतात, घसा खाकरतात आणि त्यालाच विचारतात, "काऊन बे, आयकू येऊन राह्यलं का तुले?"

पहिल्या खेपेला दुकानदार हसतो. दुसऱ्या खेपेला हसत नाही. तिसऱ्यांदा आम्ही दिसलो की "चहा पिऊन येतो" म्हणून बाहेर पडतो. मलकापुरात आम्हाला 'या, बसा' म्हणणारं संगणकाचं एकही दुकान आता उरलेलं नाही. म्हणून हल्ली आम्ही खामगावला जातो. आम्ही म्हणजे ते आणि मी. मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं. निर्णय त्यांचा, आणि तो अजून झालेला नाही.

तायडेभाऊ माझे शेजारी. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते, म्हणून निवृत्तीनंतरही लोक त्यांना 'कंट्रोलर' म्हणतात. काचेच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारायचं काम. सुरुवात 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' अशी करावी लागे. तेवढं एक वाक्य ते छापील बोलत आणि लगेच मूळपदावर येत. "मोताळ्यावाले, बुलढाण्यावाले, गाडी लागून राह्यली हो! थैल्या उचला! मंग बोंबलू नका!"

"आख्खा तालुका माह्या आवाजावर गाडीत बसला," असं ते सांगतात. "एक माणूस चुकीच्या गाडीत नाही गेला." हे खरं नाही. मी स्वतः एकदा नांदुऱ्याला निघून मोताळ्याला पोचलो आहे. पण तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणून ती नोंद ते धरत नाहीत.

बसस्थानक सुटलं तरी बस काही सुटली नाही. संगणकही त्यांना बसमधूनच कळतो. "रॅम म्हंजे सीटा. हार्डडिस्क म्हंजे टप, सामान ठेवाचा. प्रोसेसर म्हंजे इंजिन. आन वारंटी म्हंजे, गाडी डेपोत वापस आणली तं मेकॅनिक शिव्या नाही देणार." शेवटच्या व्याख्येत मला आजवर एकही चूक काढता आलेली नाही.

त्यांच्या घरी एक काळा संगणक आहे. मुलगा नितीन इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. त्यावर वहिनींनी विणलेलं झाकण असतं आणि ते फक्त रविवारी संध्याकाळी निघतं, कारण तेव्हा पुण्याहून नितीनची मुलगी ओवी पडद्यावर येते. ओवी पहिलीत आहे. अडचण एवढीच, की आबा काय बोलतात ते ओवीला कळत नाही.

भाऊंचं निदान ठाम होतं. "मशीनची चूक हाय. आवाज फाटून राह्यला. पोट्टीपर्यंत जाईस्तोवर शब्दाचं पार पीठ होते."

नितीन म्हणाला, "बाबा, आमच्याकडे आहे त्याच कंपनीचा घ्या, चंदेरी. दोन्हीकडे एकच कंपनी असली की सगळं जुळतं."

झालं. काळी कंपनी सोडून चंदेरीत जायचं की नाही, हा प्रश्न तायडेभाऊंनी असा धरला, जसा दुसरा एखादा माणूस पक्षांतराचा धरेल. "इतकी वर्षं इमानदारीनं चालली, आन आता कंपनी बदलाची? लोक काय म्हणतीन बे?" लोकांना काहीही म्हणायचं नव्हतं. गल्लीत संगणकाची कंपनी ठाऊक असलेला माणूस मी एकटा, आणि मलाही ती ऐकून ऐकून ठाऊक झालेली.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब सांभाळतो. न मांडता बोललेलं मला पटत नाही. मी दोन्ही कंपन्यांचा तक्ता केला: किंमत, वेग, हमी, दुरुस्तीचं दुकान किती लांब. तक्त्याचा निष्कर्ष असा निघाला की दोन्ही नको, एक बरा माइक घ्यावा आणि गप्प बसावं. तो मी स्पष्ट शब्दांत सांगितला.

"अबे सुरेश," भाऊ म्हणाले, "गाडी खटारा असली तं नवा भोंगा बसवून होते का?" आणि माझ्या तक्त्यावर त्यांनी पोह्यांची बशी ठेवली. तेलाचा तो गोल डाग चंदेरी कंपनीच्या किमतीवर पडला. आकडा त्यानंतर वाचता आला नाही.

पुढे त्यांना कुणीतरी सांगितलं, की नव्या संगणकांना बोललेलं लिहून काढता येतं. भाऊंना कसोटी सापडली. जे मशीन आपलं बोलणं बरोबर लिहील, त्यातून ते ओवीपर्यंतही बरोबर जाईल. तर्कात खोट होती, पण ती दाखवायला गेलं की पोहे यायचे.

खामगावच्या दुकानात काळ्या कंपनीचं नवं मॉडेल मांडलं होतं. भाऊ वाकले. "मले मलकापूरले जायचं हाय."

पडद्यावर उमटलं: 'मळे मलकापूर लेझीम चहा'.

"तुले काय झालं बे?"

'तुळई काय झालं बेळगाव'.

"बेळगावचा काय संबंध बे?"

'बेळगावचा काय संबंध बेळगाव'.

शेजारच्या चंदेरीकडे गेलो. त्यानेही बेळगावच काढलं. या एका मुद्द्यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत होतं. दुकानदार हसू दाबत म्हणाला, "काका, जरा शुद्ध बोला ना, मग घेईल तो."

भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं चालू गाडीतून उतरणाऱ्याकडे पाहत असत. "शुद्ध? शुद्ध तूप असते बे! बोलणं असते बोलणं! सारा तालुका समजे मले, आन तुह्या डब्याले समजत नाही, तं डबा बदल!"

दुकानाच्या पायऱ्या उतरल्यापासून नांदुऱ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तायडेभाऊ आणि नांदुऱ्यापर्यंत गप्प, हे मला इतकं अशक्य वाटलं की मध्ये दोनदा मी मागे वळून ते बसलेले आहेत की पडले, याची खात्री केली. नांदुऱ्याला चहा घेताना त्यांनी एकदम विचारलं, "सुरेश, तू घरी 'मला' म्हनतं का 'मले'?"

"दोन्ही. समोर कोण आहे त्यावर."

"हं," म्हणाले, आणि बशीतला चहा फुंकत राहिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा खामगावात हजर झालो. दुकानदाराने हात जोडले आणि मांडून ठेवलेला चंदेरी संगणकच पुढे केला. "घरी न्या, वापरून पाहा, नाही आवडला तर परत आणा. फक्त दुकानात बोलू नका." ही सवलत इतर गिऱ्हाइकांना देत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. कारण साधं होतं. निर्णय झाला असेल तर रविवार मोकळा मिळतो का, ते बघायचं होतं. वहिनी ओसरीवर मेथी निवडत होत्या.

"आत जा, पन आवाज नका करू," त्या म्हणाल्या. "ह्यांची शाळा चालू हाय."

दार अर्धं उघडं होतं. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, ताठ बसून, चंदेरी संगणकाशी बोलत होते. गाडी पुकारण्याचा तोच संथ, गंभीर आवाज.

"मला... तुझी... आठवण... येते."

पडद्यावर अक्षरन् अक्षर बरोबर उमटलं.

"तू... जेवलीस... का? तुले..."

'तुळई'.

"तुले नाही बे, तुला! तुला!"

'तुळई नाही बेळगाव तुला तुला'. भाऊंनी एका बोटाने ते सगळं पुसलं, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पहिल्यापासून सुरू केलं. "मला तुझी आठवण येते."

मी पाऊल न वाजवता ओसरीवर परत आलो. वहिनींनी मेथीवरून मान वर केली नाही.

"हे मशीनचं सुरू झालं, त्या रविवारी ओवी नितीनले म्हने, 'पप्पा, आबा काय म्हणाले?' मंग नितीननं तिले समजावून सांगतलं. बराबरच सांगतलं, त्याचं काही चुकलं नाही. पन हे उठून गेले. मले म्हने, मशीन बिघडली."

इतके दिवस मी समजत होतो, की दुकानांतून परीक्षा संगणकांची चालली आहे.

रविवारी संध्याकाळी मला बोलावणं आलं. भाऊंच्या मते घरात एक जाणकार माणूस असलेला बरा. चंदेरी संगणक टेबलावर, काळा कोपऱ्यात झाकणाखाली. ओवी पडद्यावर आली. भाऊंनी घसा खाकरला. एक क्षण मला वाटलं, आता 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' येणार.

"ओवी, मला तुझी आठवण येते. तू जेवलीस का?"

एकही 'ले' नाही, एकही 'बे' नाही. वहिनींच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

ओवीला सगळं कळलं. ती टाळ्या पिटत एका दमात म्हणाली, "ओ वाव, आबा! मिस यू टू! काल ना आमचं शो अँड टेल होतं, मी माझा टर्टल नेला, सगळे सो जेलस! आत्ता स्विमिंगला लेट होतंय, लव्ह यू, बाय!"

भाऊ मान हलवत राहिले. तपासणीला आलेल्या साहेबापुढे हलवत असत, तशी. पडदा काळा झाल्यावरही थोडा वेळ हलवत होते. मग माझ्याकडे वळले.

"काय म्हनली बे ती?"

"तुमची आठवण येते म्हणाली. शाळेत कासव घेऊन गेली होती. आता पोहायला चालली आहे."

"हे सारं म्हनली? म्या तं नाही आयकलं." ते पडद्याकडे बघत राहिले. "मंग मले काऊन नाही समजलं?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. जिनिंगमध्ये किरकोळ फरक निघाला तरी मी ताळेबंदावर सही करत नाही, मालक समोर बसलेला असला तरी. आणि आवाज तर इतका स्वच्छ आला होता, की पुण्यातल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तीही मी ऐकली होती.

"आवाज फाटून राह्यला का बे?" भाऊंनी विचारलं.

"हाव," मी म्हणालो. "लय फाटून राह्यला. चंदेरीचंही काही खरं नाही, भाऊ."

त्यांचा चेहरा सैल झाला. "म्या तं पह्यलेच म्हनत होतो! तिसरी कंपनी पाहा लागते. अकोल्याले जाऊ."

"जाऊ. पेट्रोल टाकून ठेवतो."

"घाई नाही." त्यांनी कोपऱ्यातून विणलेलं झाकण आणलं, चंदेरी संगणकावर घातलं, कडा सरळ केल्या. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"ते पह्यलं काय म्हनली, ते पुन्हा सांग बरं."

मी पुन्हा सांगितलं.