तिसऱ्या डोलकाठीच्या गाठी

आमच्या बिल्डिंगमध्ये बिर्जेकाकांच्या घरात शिरायचं तर आधी नखं दाखवावी लागत. बेल वाजवली की दार साखळीपुरतं उघडायचं, फटीत जाड भिंगांचा चष्मा दिसायचा आणि एकच शब्द यायचा, "हात?" आपण हात पुढे करायचे. नख वाढलेलं असलं तर त्याच फटीतून नेलकटर बाहेर यायचं आणि दार बंद व्हायचं. कापून झाल्यावर पुन्हा बेल.

माझे साताऱ्याचे मेहुणे, चांगले एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, त्यांनाही असं जिन्यात उकिडवं बसावं लागलं होतं. "दाजी, हा माणूस नक्की काय करतो?" ते नखं कापता कापता मला विचारत होते. त्या प्रकाराचं मला अजूनही अपराधी वाटतं. तसं मला कशाचंही वाटतं. नव्वदनंतरची ती वर्षं. मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. टँकर आला नाही तरी रात्रभर वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं.

नखांचं कारण आतल्या टेबलावर उभं होतं. जुन्या मराठी आरमारातली तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज, गुराब. खऱ्या जहाजाच्या एका फुटाला इथे पाव इंच, या मापात बिर्जेकाका ती बांधत होते. नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, लांब आणि पुढे झुकलेलं. त्यामागे समोर तोंड केलेल्या दोन तोफा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. नखात दोरा अडकला तर सगळी दोरखंडं सैल पडतात, असं त्यांचं म्हणणं.

विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा किडकिडीत माणूस एका जागी बसलेला मी पाहिला नव्हता. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा. बशी टेबलावर, कप खिडकीत, स्वतः मोरीच्या दाराशी. जग त्यांना पाव इंचाच्या मापातच दिसे. पहिल्या भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही एक इंच तीन सूत. सुकाणूवर चालाल. तोफेवर नाही." तळमजल्यावरचे रमणिकभाई चांगले आडवे होते. त्यांना बिर्जेकाकांनी कुठल्याच जहाजावर घेतलं नाही. "कलेल," एवढंच म्हणाले.

गुराबीला कोणी होडी म्हटलं की मात्र संपलं. माझ्या बायकोने एकदा कौतुकाने म्हटलं, "काका, होडी छान झालीय हं." काका पंधरा दिवस आमच्याकडे केरसुणीची काडी मागायला आले नाहीत. ते एरवी रोज येत. कधी काडी, कधी मच्छरदाणीचा तुकडा, कधी जुन्या बनियनची शिवण. घरात काही फाटलं की माझी बायको म्हणायची, "टाकू नका, आरमाराला लागेल."

एका मे महिन्यात दोन दिवसांनी टँकर आला. बायका हंडे-कळश्या घेऊन रांगेत, पुरुष बाह्या सरसावून. बिर्जेकाकांनी आपला निळा ड्रम भरून घेतला आणि तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यात गुराबीचा नुसता सांगाडा सोडला. ती डावीकडे कलते का, हे बघायचं होतं.

"अरे बिर्जेभाई," रमणिकभाई ओरडले, "इधर पीने का पानी नहीं है और तुम जहाज चला रहा है?"

"जहाज पानी पीता नहीं है," काका मान वर न करता म्हणाले. "देखके वापस देता हूं."

"वापस? उसमें तुमने तेल लगाया हुआ लकडा डाला है!"

भांडण माझ्यापर्यंत आलं. ड्रमचं पाणी कुंड्यांना घालावं आणि काकांनी आठवडाभर रमणिकभाईंच्या घरी दोन बादल्या पाणी पोचवावं, असा मी निवाडा दिला. काकांनी तो पाळला. रोज बादली ठेवताना ते बजावत, "कलत नव्हती बरं का." आठव्या दिवशी रमणिकभाईंनीच हात जोडले, "नहीं कलती, बाबा. हमको मालूम है."

एकदा ते मला उत्तनला घेऊन गेले. किनाऱ्यावर एक नवी मच्छीमार बोट बांधत होते. काका तिच्याभोवती दोन चकरा मारून सरळ बांधणाऱ्यालाच सांगायला लागले की, तुमची नाळ फार सरळ आहे, समोर तोफ ठेवायची तर पुढे झुकवा. तो माणूस बिडी ओढत ऐकत राहिला. शेजारी वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या मावशीला मात्र राहवलं नाही.

"तोफ कोनावर मारतंस रं बाबा? बोंबलांवर? घेतंस तर घे बोंबील, न्हायतर बाजूला हो. ऊन अडवलंस."

काका बाजूला झाले आणि बोंबीलही घेतले. परतताना बसमध्ये अख्ख्या भाईंदरला कळेल असा वास सुटला होता आणि हे उभ्यानेच पिशवी हलवत सांगत होते, "सरळच आहे हो नाळ तिची. चूक ती चूक."

चूक ती चूक, हे त्यांचं पालुपद. एकदा मी गेलो तर गुराबीच्या उजव्या बाजूच्या साऱ्या फळ्या त्यांनी काढून टाकलेल्या. कित्येक महिन्यांचं काम. एका फळीची रेघ उलटी बसली होती म्हणे.

"पण काका, ती कोणाला दिसली असती?"

"जहाजाला," ते म्हणाले, आणि चिमटा शोधायला उठले.

या सगळ्यात काकांच्या पत्नी, सुलभाकाकू, कुठे होत्या? त्या खिडकीशी असत, पाटावर. साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या, त्यामुळे सुईला हात बसलेला. जहाजाची दोरखंडं त्यांच्याकडे होती. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, म्हणजे त्याची लव बसते. मग सुईच्या टोकाने गाठ मारायची, जोंधळ्याच्या दाण्याहून लहान. पुढच्या दोन्ही डोलकाठ्यांच्या सगळ्या गाठी काकूंनी मारल्या होत्या. काका भिंगातून एकेक बघत आणि काही बोलत नसत. न बोलणं हीच शाबासकी. "बोलले की समजायचं, उसवायचंय," काकू हसून सांगत.

मग एका सकाळी काकू मोरीत पडल्या. अर्धांगवायू. मी आणि रमणिकभाईंनी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. महिन्याभराने त्या घरी आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर पडून असायचा, ओठ एका बाजूला ओढलेला, शब्द एकेक करून यायचा. बिर्जेकाका स्वयंपाक करायला शिकले. कुकरच्या शिट्ट्या मोजत घरभर फिरायचे. जहाजाचं काम थांबलं असेल असं मी धरून चाललो आणि संकोचाने तो विषयच काढला नाही. आत जाणंही कमी केलं. आजारी माणसाच्या घरी काय बोलायचं ते मला कळत नाही.

वर्ष उलटल्यावर त्यांच्या पुण्याच्या मुलाने निर्णय घेतला. दिवाळीनंतर आईवडिलांना आपल्याकडे न्यायचं, इथला फ्लॅट विकायचा. माझ्यासमोरच तो वडिलांना म्हणाला, "बाबा, कपडे घ्या, औषधं घ्या. ती लाकडं नको. घरात आधीच आम्ही चौघं आहोत." तो वाईट मुलगा नव्हता. पुण्यातलं घर दोन खोल्यांचंच होतं. दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले आणि दारातच म्हणाले, "सेक्रेटरी, माझ्या गुराबीला घर बघा."

मी धावपळ केली. भाईंदरच्या एका शाळेला नव्या सभागृहात काचेचं कपाट भरायचं होतं. शाळेचे एक विश्वस्त नौदलातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे कमांडरसाहेब म्हणत. मी त्यांना जहाज बघायला घेऊन आलो. दार फटीएवढं उघडलं. "हात?" कमांडरसाहेबांनी शांतपणे पंजे पुढे केले. नखं बघून साखळी निघाली. पहिल्या फटक्यात पास झालेले ते पहिलेच पाहुणे.

काकूंच्या खाटेपुढे पडदा ओढलेला होता. कमांडरसाहेब टेबलापाशी वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. नाळ बघितली, तोफा बघितल्या, सुकाणू हळूच हलवून बघितलं. "अहो, हे विलक्षण आहे," ते पुटपुटले. काका पाठीमागे हात बांधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होते. मग कमांडरसाहेब मागच्या, तिसऱ्या डोलकाठीपाशी आले आणि थांबले.

"ही कोणी बांधली?"

मीही भिंगातून पाहिलं. पुढच्या दोन काठ्यांवर आखल्यासारखे दोर. तिसरीवर गाठी मोठ्या, वेड्यावाकड्या, एकावर एक चढलेल्या. एक दोर ढिला, एक ताणलेला, काही चुकीच्याच ठिकाणी नेऊन बांधलेले.

"एवढं सोडून पुन्हा बांधा," कमांडरसाहेब म्हणाले. "मुलांना दाखवायचंय, चुकीचं शिकतील. दोन आठवड्यांत झालं तर कपाट तुमचं."

मला हायसं वाटलं. एका फळीसाठी अख्खी बाजू उसवणारा माणूस हा. एवढं काम म्हणजे काय!

"नाही जमणार," बिर्जेकाका म्हणाले.

"वेळ वाढवून देऊ."

"वेळेचा प्रश्न नाही. ते तसंच राहील."

"पण ते चूक आहे, बिर्जे."

"आहे."

कमांडरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ते नमस्कार करून गेले तसा मी काकांवर चिडलो, आयुष्यात पहिल्यांदाच. "काका, तुम्हाला काय झालंय? दिवाळी तोंडावर आलीय! हे जहाज काय कचऱ्याच्या गाडीत घालायचंय?"

पडद्यामागून आवाज आला.

"अहो."

एका खोलीच्या घरात पडद्याला अर्थ नसतो. काकूंनी सगळं ऐकलं होतं. काकांनी पडदा सारला. काकू उशीला टेकून बसलेल्या. मांडीवर पाट, पाटावर मेणबत्तीचा तुकडा आणि दोरा ओवलेली सुई. सुई डाव्या हातात होती. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं होतं. वर्षभर रोज सकाळी काका डोलकाठी त्यांच्यापुढे धरून बसत होते आणि मी वरच्या मजल्यावर राहून संकोच करत होतो.

"सोडा... ती," काकू म्हणाल्या. "मी... परत... बांधते."

"काही गरज नाही."

"चूक... ती..."

"सुलभा, गप बस."

"सोडा."

काका जहाज उचलून खाटेवर घेऊन आले. माझ्या हातात भिंग आणि टॉर्च दिला. स्वतः खाटेच्या कडेला बसले आणि सुईचं टोक वरच्या गाठीत घालून ते ती सैल करायला लागले. गाठ हलेना. बाजूने प्रयत्न केला. खालून केला. सुई वाकली. दुसरी घेतली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कपाळावर घाम आला. मला त्यांचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. आधी तो वैतागला, मग चक्रावला, मग हळूहळू त्यावर काहीतरी पसरायला लागलं.

"सुटत नाहीये," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "सेक्रेटरी, बघितलंत? डाव्या हाताची गाठ आहे! तोफेचा गोळा लागला तरी सुटणार नाही. तुमच्या त्या साहेबाने ओढून बघायला हवी होती!"

"कात्री... घ्या," काकू म्हणाल्या.

"कात्री नाही लावणार."

काकू हसल्या, ओठाच्या चालत्या बाजूने. मग त्यांनी डावा पंजा जहाजाच्या काठावर ठेवला. आईने झोपाळू पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या.

"माझं काम... बाकी आहे. हे... पुण्याला... येणार."

"मुलगा नाही म्हणालाय ना."

"मी... सांगते... त्याला."

आणि त्यांनी सांगितलं. एस.टी.डी. बूथवरून फोन मीच लावला. काकूंचा निरोप शब्दशः वाचून दाखवला, मधल्या थांब्यांसकट. पलीकडून मुलगा म्हणाला, "ठीक आहे. शोकेस रिकामी करतो."

मी जिने चढून बातमी द्यायला गेलो. आत नुसती शांतता. काका काकूंच्या शेजारी बसले होते, दोन्ही हातांनी डोलकाठी धरून, श्वाससुद्धा जपून घेत. काकू पुढची गाठ मारत होत्या. मी खूण करून सांगितलं, की येतंय, जहाज येतंय. काकांनी मान हलवली नाही. गाठ पुरी होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग दोरा तोडला आणि हळूच विचारलं,

"सेक्रेटरी, टेंपो घाट चढायला लागला की वारा कुठल्या बाजूने येतो हो?"