चलच्चित्र-यंत्राच्या निवडीची आणि थोरल्या सरकारांच्या आवाजाची बखर

श्रीगजानन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, आणि अंथरुणातील लेकराची नीज घटकाभर प्रसन्न, तितक्या अवकाशात लिहिली हकीकत ऐसी जे.

शके एकोणीसशे चोवीस, चित्रभानू नाम संवत्सरी, पौष मासी, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे हातभर गॅलरी एवढ्या मुलखाचे एक राज्य होते. राज्याचे धनी सुहासराव, त्यांच्या राणीसाहेब वृंदाबाई, कन्या इरावती, वय महिने चौदा, आणि या सर्वांवर छत्र म्हणजे सुहासरावांचे तीर्थरूप थोरले सरकार, ज्यांस घरात आप्पा म्हणत. आप्पांनी एकतीस वर्षे ललकारीची चाकरी केली होती. ललकारी म्हणजे, प्रजा ज्यास एसटी स्टँड म्हणते तेथे बसून, कोणती लाल गाडी कोणत्या फलाटास लागली ते कर्ण्यातून पुकारणे. आवाज ऐसा की, पलीकडच्या गुऱ्हाळात बसलेली म्हातारी उसाचा रस अर्धा टाकून धावत सुटे आणि गाडी धरी. एक वाक्य दोनदा म्हणावे, एकदा ऐकणाऱ्याकरिता आणि एकदा न ऐकणाऱ्याकरिता, ऐसी त्यांची रीत. आणि चाकरी सुटली तरी रीत सुटली नाही, जेवायला बसतो, जेवायला बसतो, ऐसे घरातही म्हणत. अंगाई त्यांस एकही येत नव्हती, सबब ज्या गाडीची ललकारी जन्मभर दिली तिचेच थांबे ते नातीस मांडीवर घेऊन म्हणत: चिंचवे, उमराळे, खडकतळे, भऊर फाटा, देवपूर. आणि मग आवाज विहिरीत उतरावा तसा हळूहळू उतरवून म्हणत, गाडी मुक्कामी इरावती. कन्या बहुधा भऊर फाट्यालाच निजे. देवपूर तिने कधी पाहिले नाही.

ऐसे सुख असता आप्पांचा घसा बसला, आणि महिना झाला तरी उठेना, आणि काढे झाले, हळददूध झाले, मग मोठ्या वैद्यांनी नळी घालून पाहिले आणि सुहासरावांस बाजूस घेऊन सांगितले की गाठ वाईट आहे, कंठ समूळ काढावा लागेल, जीव राहील, आवाज राहणार नाही, आजपासून तेराव्या दिवशी, सोमवारी, शस्त्रक्रिया करू. आप्पांस हे घरी येऊन सांगितले, तेव्हा ते पानातला भात कालवीत होते. ते म्हणाले, "चालेल." आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "चालेल." त्या दुसऱ्या वेळेस राणीसाहेब पदर तोंडास लावून आत गेल्या.

मग मसलत बसली की, हातात बारा दिवस आहेत, तितक्यात आप्पांचा आवाज नातीकरिता राखून ठेवावा. राणीसाहेबांनी विनंती केली की, कपाटात जुना टेपरेकॉर्डर आहे, गाण्यांची एक कॅसेट पुसावी आणि आजच आप्पांच्या मांडीशी ठेवून द्यावा. त्यावर सुहासराव म्हणाले, "नुसत्या आवाजाचं काय करायचं, वृंदा? म्हणताना आप्पा दिसायला नकोत का तिला? दोन दिवसांत कॅमेरा येतोय." आणि राणीसाहेबांसही ते पटले, त्यांसही ते ओठ हलताना हवे होते, सबब टेपरेकॉर्डर कपाटातच राहिला. ही गोष्ट बखर लपवीत नाही.

दोन दिवसांचे चार झाले आणि चारांचे आठ. कारण यंत्रे तीन होती. पहिले खांद्यावर घ्यावयाचे, वरवंट्याएवढे, त्यात घरच्या व्हिडिओत चालणारी मोठी कॅसेट. दुसरे मध्यम, ना धड लहान ना मोठे. आणि तिसरे अगदी इवले, मुठीत मावे ऐसे, त्याची टेप काडेपेटीएवढी, आणि कुशीला दिवळीच्या दारासारखे एक पान, ते उघडले की आत चित्र हलताना दिसे. सुहासरावांच्या भगिनीचे यजमान जगदीशराव, राज्याचे जावईबापू, यंत्रांचे मोठे जाणकार, ते रोज येत, आणि सुहासराव त्यांस घेऊन रोज एका दुकानी जात, आणि माहितीपत्रके आणीत, आणि ती पलंगावर पसरून तंटा चाले. खांद्यावरचे यंत्र जावईबापूंनी एका वाक्यात बाद केले की, हे घेतलेस तर पोरीला कडेवर कोण घेणार. मग मध्यम यंत्र आणि इवले यंत्र यांचे युद्ध जुंपले; एकाची दूरदृष्टी वीसपट, दुसऱ्याची दहापट. जावईबापू वीसपटीस अडून बसले. "स्टेजवरचं जवळून दिसायला हवं," ते म्हणाले. "कुठलं स्टेज?" सुहासरावांनी पुसले. "इरूच्या लग्नातलं." तेव्हा सगळे हसले, कन्या चौदा महिन्यांची आणि त्या समयी जावईबापूंचा बूट चावीत बसलेली. आप्पाही हसले, आणि हसता हसता खोकले, आणि तो खोकला इतका वेळ चालला की माहितीपत्रके कोणी पुन्हा उचलली नाहीत.

एके दिवशी राणीसाहेब कन्येस शेजारी ठेवून स्वतः दुकानी गेल्या, आणि इवले यंत्र हाती घेऊन त्यांनी एकच गोष्ट पुसली की, याचा कान कुठे आहे. दुकानदाराने टाचणीने टोचल्यासारखी दोन भोके दाखविली आणि म्हणाला, "वहिनी, आवाज तर सगळ्यातच येतो. तुम्ही पिक्चर बघा." आणि पुन्हा पिक्चरचीच चर्चा झाली. आणि तिकडे घरात आप्पा रोज दुपारी मांडीवर घेऊन चिंचवे, उमराळे म्हणत होते, रोज किंचित अधिक खरखरीत, आणि ते कोठेच उमटत नव्हते.

अकराव्या दिवशी इवले यंत्र ठरले. तो वार शनिवार. सुहासराव यंत्र आणावयास निघाले, तो आप्पांनी बसल्या जागेवरून हटकले, "शनिवारी लोखंड घरात आणू नये." सुहासराव म्हणाले, प्लास्टिक आहे आप्पा. आप्पा म्हणाले, "आत स्क्रू असतील." सोमवारी ज्याच्या गळ्यास लोखंड लागावयाचे त्याच्याशी स्क्रूवरून वाद कोण घालणार. सबब यंत्र दुकानीच ठेविले आणि रविवारी सकाळी नऊ वाजता घरी आणिले. हळदकुंकू वाहिले, पेढा ठेविला. मग पुस्तिका उघडली, तीत लिहिले होते की, प्रथम वापरापूर्वी बॅटरी चार तास भरावी. सुहासराव लहानपणापासून लिहिलेले मानणारे. बॅटरी भरावयास लाविली आणि राज्याचे सगळे लोक त्या गुंजेएवढ्या लाल दिव्याभोवती बसले, तो कधी विझतो म्हणून. साडेबारास कन्या किरकिरू लागली. तीन दिवस दाढा येत होत्या, लेकरास झोप नव्हती. आप्पांनी तिला आतल्या खोलीत नेले. राणीसाहेब स्वयंपाकघरात कुकर लावीत होत्या, त्यांनी भिंतीपलीकडून ऐकिले: चिंचवे, उमराळे, खडकतळे, भऊर फाटा. मग थोडा खोकला. मग देवपूर, आणि मग अगदी खाली, गाडी मुक्कामी इरावती. तो शेवटचा पुकारा होता. ते तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. बाहेर सगळे दिवा पाहत होते.

एक वाजता दिवा विझला. आप्पा आतून आले ते चाकरीचा खाकी पोशाख घालून, केस चापून, आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, हात मांड्यांस चिकटवून. सुहासरावांनी यंत्र सुरू केले. आप्पा यंत्राकडे पाहत राहिले. एक मिनिट गेले, दोन गेली. सुहासरावांस वाटले तीर्थरूप मन गोळा करीत आहेत, सबब ते बोलले नाहीत, आणि जावईबापूंनी श्वासही रोखला. तीन मिनिटे गेली. मग जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, बोला की काहीतरी." आणि आप्पा मान न हलविता, डोळे न हलविता, ओठांच्या फटीतून म्हणाले, "बोलू नका, फोटो हलेल. बोलू नका, फोटो हलेल."

एक क्षण कोणास उमजले नाही, मग सगळे असे हसले की सुहासरावांनी यंत्र बंद करून डोळे पुसले. मग त्यांस समजावले की हा फोटो नव्हे, हे चालते-बोलते आहे. आप्पा ओशाळले. म्हणाले, मला वाटले आधी फोटो, मग बोलणे. मग सुहासराव म्हणाले, "आता थांबे म्हणा, आप्पा. इरूला म्हणता तसे." आप्पांनी आतल्या दाराकडे पाहिले. "झोपलीय ती. झोपलेल्या माणसाला गाडी पुकारत नाहीत. उठली की म्हणतो." राणीसाहेबांच्या मनात आले की आत जावे आणि लेकरू उठवावे. त्या दारापर्यंत गेल्याही. तीन दिवसांनी निजलेले लेकरू, गाल लाल, मूठ उघडी. उठविले नाही. साडेतीनास दवाखान्यातून फोन आला की खाट रिकामी झाली, संध्याकाळची वाट न पाहता आत्ताच या. आप्पांनी निघताना अंथरुणाशी उभे राहून नातीच्या तळपायास एक बोट लाविले आणि गेले. तेथे लेकरास मज्जाव होता आणि यंत्रासही. सोमवारी शस्त्रक्रिया यशस्वी झाली. जीव राहिला.

त्या टेपेवर तीन मिनिटे एक वृद्ध भिंतीशी उभा आहे, मागे घड्याळ टिकटिकते, कुकर एक शिटी देतो, मग ती दोन वाक्ये आणि मग हसणे. पुढची छप्पन्न मिनिटे कोरी आहेत, त्यांवर काही घेण्यास कोणाचा हात धजत नाही. कन्येस ती टेप वारंवार दाखवितात, हे आप्पा, हा त्यांचा आवाज. थांबे आता राणीसाहेब म्हणतात. खडकतळ्याच्या पुढे त्यांस हटकून चुकते, तेव्हा गळ्यास रुमाल बांधून शेजारी बसलेले आप्पा अंथरुणाच्या काठावर बोट वाजवितात, दोनदा. मग भऊर फाटा आठवतो.

कन्येच्या दुसऱ्या वाढदिवशी जावईबापूंनी सगळ्यांस आप्पांच्या खुर्चीमागे रांगेत उभे करून साधा फोटो काढावयास घेतला आणि बायकांची कुजबूज थांबेना. तेव्हा इरावती आप्पांच्या मांडीवरून ताठ होऊन, हात मांड्यांस चिकटवून म्हणाली, "बोलू नका, फोटो हलेल." आणि मग न ऐकणाऱ्यांकरिता पुन्हा म्हणाली. आप्पांनी हसावयास तोंड उघडले. आवाज आला नाही, खांदे मात्र बराच वेळ हलत राहिले, आणि तो फोटो हललेलाच आला आहे.

सारांश, बारा दिवस लाभले, त्यांतले अकरा यंत्रास गेले आणि उरलेला बॅटरीस. दहापट की वीसपट हे आजतागायत कोणी पुसले नाही. आत लेकरू कूस बदलते आहे, सबब बखर येथे मुक्कामी.